समुद्राकाठची काळी पाच

आई गाणार, पण ऑर्गन असेल तरच, असं तिनं फोनवर ठणकावून सांगितलं आणि फोन माझ्या हातात देऊन ती पुन्हा मेथी निवडायला बसली. पलीकडं शहरातल्या एका नाट्यप्रेमी मंडळाचे गृहस्थ होते. त्यांना जुन्या संगीत नाटकांतल्या पदांचा कार्यक्रम करायचा होता, आणि नाटक कंपनीच्या काळात रंगमंचावर गायलेली बाई म्हणून त्यांना आईचं नाव कळलं होतं. "ताई, आमच्याकडे कीबोर्ड आहे. त्यात ऑर्गनचासुद्धा आवाज निघतो," ते अजिजीनं म्हणाले. मी आईकडं बघितलं. ती जुडीकडंच बघत म्हणाली, "त्यात कुत्र्याचाबी आवाज निघतो. मला ऑर्गन पायजे."

ऑर्गन आमच्याकडं होता. सिडकोतल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीखाली, आणि त्याच्यावर इस्त्रीला जायच्या कपड्यांचा ढीग. नवीन माणसाला ते एखादं बुटकं कपाट वाटतं. झाकण उघडलं की पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दिसतात, वर ओढायचे खटके, खाली दोन रुंद पायडलं. पायांनी आळीपाळीनं पायडल मारलं की आतला भाता हलतो आणि पितळेचे सूर, म्हणजे आतल्या बारीक जिभल्या, बोलायला लागतात. हातपेटीचा आवाज खोलीपुरता असतो. ऑर्गनचा आवाज नाटकगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाऊन तिथं बसलेल्या माणसाच्या छातीत घुमतो. हे मी पोरवयात ऐकलेलं आहे आणि त्याच्यावरून मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

वाजवायचे माझे वडील. दादा दिवसा गुलमंडीत एका कापड दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन चालवायचे आणि संध्याकाळी ऑर्गन. कंपनीचे मालक म्हणायचे, दुसरा वाजवणारा तिसऱ्या अंकात पायानं लंगडा होतो, हा शिंपी सकाळपासून सराव करून येतो. आई लासूर स्टेशनची. विहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गायची. मालकांनी तिला तिथंच ऐकलं, आधी नांदीला उभं केलं, मग दोन वर्षांत नायिका केलं. ऑर्गनवाल्याशी लग्न तिनं स्वतःच्या मनानं केलं. "बाकी सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे, हा माझ्या गळ्याकडं बघायचा," एवढंच कारण तिनं मला आजवर सांगितलंय.

दर हिवाळ्यात कंपनी कोकणात जायची. आमच्या मराठवाड्याच्या कोरड्या अंगाला ती हवा म्हणजे ओली गोधडी पांघरल्यासारखी वाटायची. नाटकगृह पत्र्याचं, अगदी किनाऱ्याला लागून. मागच्या दारातून बाहेर पडलं की पायाखाली वाळू. शाळा बुडवून मला सोबत न्यायचे, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं, आणि मी शाळा बुडाल्याचं एकदाही दुःख केलं नाही. खाऱ्या हवेनं ऑर्गनचं लाकूड फुगायचं, पट्ट्या खाली गेल्या की वर यायच्या नाहीत. म्हणून दादा रोज सकाळी त्याची मागची फळी काढून बसायचे, आत एक पेटता बल्ब टांगून ठेवायचे. बल्बच्या उजेडात पितळेचे सूर ओळीनं चमकायचे. दोन अंकांच्या मधे दादा एकटेच वाजवत. प्रेक्षक चहाला बाहेर गेलेले, पण वाळूत उभे राहून ऐकत असायचे. मासळीची टोपली उतरवून एक म्हातारी रोज मागच्या दाराशी बसायची. तिनं नाटक एकदाही पाहिलं नाही, ऑर्गन मात्र चुकवला नाही. लाटेचा आवाज पत्र्यावरून आत यायचा आणि दादा त्याच्यासाठी मधे जागा सोडून वाजवायचे. मला आजही कुठं झोप लागत नसली की मी ते वाजवणं आठवते.

आणि आईचं गाणं! ती काळी पाचात गायची. म्हणजे तिचा सा पाचव्या काळ्या पट्टीवर. बायकांच्या गळ्यालाही ती पट्टी चढीच. त्या पट्टीत वरच्या सुरावर उभं राहायला फुप्फुसं आणि हिंमत दोन्ही लागतात. "काळी पाचवाली बाई" ही तिची ओळख होती आणि ती ओळख ती कुंकवापेक्षा जास्त जपायची. घरी बसल्यावरसुद्धा तिचं ठरलेलं वाक्य असे, "समुद्राकाठी माझा आवाज लई मोकळा सुटायचा. खारी हवा मानवायची मला." आम्ही मान डोलवायचो. दादाही डोलवायचे.

पुढं कंपनी बंद पडली. ऑर्गन उचलून न्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो आमच्याकडं आला. दादा असेपर्यंत सुटीच्या दिवशी वाजायचा. दादा गेल्यावर आईनं झाकण लावलं, उंदरांनी भात्याचं कापड खाल्लं आणि मी वर कपडे ठेवायला लागले.

तर आता ऑर्गन पाहिजे होता. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर उभी हयात काढलेली बाई आहे. लोकांनी माझ्यासमोर टेबलं आपटली आहेत. एखादी गोष्ट मनावर घेतली की ती झाल्याशिवाय मी जेवणाची चव घेत नाही. ऑर्गन दुरुस्त होणार, मीच वाजवणार आणि आई गाणार, असं मी त्या गृहस्थांना सांगून टाकलं. दादांनी मला लहानपणी थोडंफार शिकवलं होतं. गुडघ्यांचं काय ते बघून घेऊ, असं म्हणून मी रोज शिलाई मशीनच्या रिकाम्या पायडलवर सराव सुरू केला. शेजारीण विचारायला आली, काय शिवताय एवढं?

आईचा सराव ओट्यापाशी चालायचा. कणीक मळताना ती पद गुणगुणायची. आवाज म्हातारा झाला होता, पण सूर जागचा हलत नव्हता. खिडकीतून खालच्या मजल्यावरची पोरं वर बघायची. बऱ्याच वर्षांनी ती आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली होती.

दुरुस्तीला एक तरुण कारागीर आला. कामाचा नीटस, बोलायला गोड. त्यानं भात्याला नवं कापड चढवलं, पट्ट्या घासल्या, मग बारीक आकडीनं एकेक सूर बाहेर ओढून जुन्या चादरीवर मांडला. मोबाइलवर सूर मोजायचं काहीतरी होतं, त्यात बघून तो कपाळाला आठ्या घालायला लागला. "काकू, कुणीतरी प्रत्येक सुराच्या टोकाला कथलाचे थेंब लावून ठेवलेत. त्या वजनानं सगळ्या ऑर्गनचा सूर खाली उतरलाय. सहा-सात पट्ट्या तरी." मी विचारलं, म्हणजे बिघडलाय? तो म्हणाला, "कुणा अर्धवट माणसाचं काम दिसतंय. काढून टाकतो. मग कशाशीही जुळेल." मी म्हटलं, काढा, अगदी स्वच्छ करा. त्या अर्धवट माणसाला मी दोन शिव्याही हासडल्या आणि कारागिराला गरम थालीपीठ वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई तयार होऊन आली. वेणी घातलेली, बाहेर जायची साडी. मी पायडल मारलं. ऑर्गन वाजला आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. ती म्हणाली, "काळी पाच दे." मी दिली. तिनं सा लावला आणि तिच्या भुवया वर गेल्या. पदाची पहिली ओळ कशीबशी निघाली. वर चढताना आवाज फाटला.

"परत," ती म्हणाली.

परत फाटला. तिसऱ्या वेळी नुसती हवाच आली. तिनं गळ्यावर हात ठेवला, मग तो हात काढून माझ्या हातांवर ठेवला आणि माझी बोटं पट्ट्यांवरून उचलली. झाकण तिनंच लावलं.

"त्या माणसाला फोन कर. सांग, बाई मेली."

मी पुष्कळ समजावलं. सराव नाही, ऊन आहे, वय आहे. त्यानंतर कणीक मळताना गुणगुणणं बंद झालं. घरात भांड्यांचा तेवढा आवाज. माझ्या आईच्या अंगावरचे सगळे दागिने आयुष्यात कधी ना कधी गेले होते, पण तिचा गळा तिच्याजवळ होता. आता तोही गेला असं तिला वाटत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. मी गृहस्थांना फोन केला नाही. कार्यक्रमाला आठवडाही उरला नव्हता.

गुलमंडीच्या मागं एका गल्लीत कंपनीचे तबलजी राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांची बोटं आता थरथरतात, पण कान शाबूत आहेत. कार्यक्रमात तबल्याला त्यांचा नातू बसणार होता, म्हणून कार्यक्रम अडलाय हे आधी त्यांना सांगायला पाहिजे, असा विचार करून मी गेले. सगळं सांगितलं. कथलाच्या थेंबांपाशी आले तसे चाचा ताठ बसले.

"निकाल डाले? सब?"

"हो. कुणा अर्धवट माणसानं..."

"अर्धवट नक्को बोल बेटी," चाचा म्हणाले. "वो तेरे अब्बा थे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. एका वर्षी आईला टायफॉइड झाला. उठली तशी कंपनीसोबत कोकणात गेली, आणि पहिल्याच प्रयोगाला वरचा सूर लागला नाही. मेकपच्या खोलीत तोंडावर पदर घेऊन रडली, आता मला नांदीला उभं करतील म्हणाली. दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं ऑर्गनची मागची फळी काढून बसले, ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत. प्रत्येक सुराच्या टोकावर कथलाचा एक बारीक थेंब. संध्याकाळी आईनं काळी पाच मागितली, दादांनी काळी पाचच दाबली, पण निघाला तो खालचा सूर. आई गायली. टाळ्या पडल्या. मेकपच्या खोलीत येऊन म्हणाली, खारी हवा मानवली मला.

"और हीरो? त्याचा खर्ज लागेना. खालचे सूर गायब! तो चिडला," चाचा हसायला लागले. "तुझ्या अब्बांनी सांगितलं, समुंदर की हवा है, आवाज बैठता है. रोज मुलेठी, तुमचं ते ज्येष्ठमध, खायला दिली त्याला." त्यानंतर आईचा आवाज जसा जसा उतरत गेला, तसा दर हिवाळ्यात दादांनी थेंब वाढवला. कोकणातच, कारण तिथं ऑर्गन रोज उघडायचाच असे, कुणाला शंका आली नसती. तबला उतरवावा लागायचा म्हणून चाचांना सांगणं भाग होतं. बाकी कुणाला नाही. "कसम घातली होती मला. भाभीला सांगायचं नाही."

मी एकदम भडकले. कुणावर ते कळत नव्हतं. दादांवर, चाचांवर, त्या गोड कारागिरावर. चाचांनी शांतपणे सुचवलं, "फिर लगा देंगे. मी दाखवतो कसं ते. भाभीला कळायचं नाही. ती गाईल, खुश होईल."

सोपं होतं. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून मी कथिल वितळवायची गरम सळई मागून आणली. आई विहारात गेली होती. मी ऑर्गन उघडला, काळी पाचचा सूर ओढून काढला आणि चाचांनी सांगितलं तसा टोकावर एक थेंब बसवला. तिसऱ्या प्रयत्नात जमला. सूर परत आत घालून वाजवला. खाली आला होता. कौतुक वाटलं मला दादांचं, खोटं कशाला बोलू. एकेक करून इतके सूर, तेही पेटत्या बल्बजवळ, बायकोला कळू न देता.

दुसरा सूर हातात घेतला आणि माझं मन फिरलं. दादांनी लपवलं तेव्हा तिला रोज संध्याकाळी उभं राहायचं होतं, भूमिका जाणार होती. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. पण हल्ली ती स्वयंपाकघरात मुक्यानं पोळ्या लाटते, ती त्या लपवण्यामुळंच. आपला गळा खाली आलाय हे तिला माहीत असतं तर तिनं सरळ खालची पट्टी मागितली असती. तिचं गाणं गेलं नव्हतं, तिला फक्त पत्ता चुकीचा दिला गेला होता. आणि आता मी पण तोच देणार? माझ्याच्यानं ते होईना. मी सळईची वायर काढली, लावलेला थेंब खरवडून टाकला आणि दाराकडं तोंड करून बसले.

आई आली, चप्पल काढली, उघडा ऑर्गन बघितला. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. एका दमात सगळं सांगितलं, टायफॉइडपासून थालीपिठापर्यंत.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"कवापासून म्हनलीस?"

"टायफॉइडपासून."

"अन् चाचाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"म्हंजी मला एकलीलाच नाय." तिचा आवाज चढला. "माझा गळा! माझ्या गळ्याचं काय झालंय ते साऱ्या जगाला ठावं, अन् मी आपली टेचात सांगतीय, काळी पाच, काळी पाच! आरशात बघून कुंकू लावावं अन् आरसा खोटा निघावा, तसं केलं माझं."

मग ती दादांच्या फोटोकडं वळली आणि त्यांना जे बोलायचं ते बोलली. ते सगळं इथं लिहिणार नाही, नवरा-बायकोतलं आहे. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती फोटोसमोरून हलली होती आणि ऑर्गनपाशी उभी होती. डोळे लाल, पदर खोचलेला.

"बस," ती म्हणाली. "खरा हाय ना आता हा?"

"खरा आहे."

"मंग काळी चार दे."

नाही जमली. पांढरी पाच. नाही. ती एकेक पायरी खाली येत होती आणि दर वेळी मी तिच्या तोंडाकडं बघायला भीत होते. पण तिचा चेहरा घट्ट होता, बाजारात भाव करायला बसल्यासारखा. काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. मग मी काळी दोन दाबली. तिनं सा लावला, आणि तो खोलीभर पसरला. ती वर गेली, पंचमावर थांबली, आणखी वर गेली, आणि तिथं उभी राहिली. सूर हलला नाही. चहा गार झाला.

"काळी दोन," ती म्हणाली. "ही तर बाप्यांची पट्टी." आणि तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी हसली. "ऱ्हाऊ दे. या वयात बाई काय अन् बुवा काय."

पुढचे दिवस तिनं मला पिळून काढलं. माझी बोटं मागं राहतात, मी लय सोडते, मी वीज कंपनीत बिल वसूल करावं तसं वाजवते, हे सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यांना तेल लावून झोपायचं आणि सकाळी पुन्हा बसायचं. कार्यक्रमाच्या दिवशी ऑर्गन टेम्पोतून गेला, मी त्याच्याशेजारी बसून गेले.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. निवेदक मुलगी उत्साहात सांगायला लागली, "आता ऐकूया काळी पाचमध्ये गाणाऱ्या, आपल्या शहराच्या..." आईनं हात वर करून तिला थांबवलं आणि माईक स्वतःकडं ओढला.

"त्या पट्टीत मी लई वर्सं गायलेच नाय," ती म्हणाली. "मला वाटायचं गातीय. आमच्या यांनी माझ्यासाठी ऑर्गनच खाली उतरवला व्हता, मला न सांगता. आज ऑर्गन खरा हाय, मी बी खरी हाय. काळी दोन."

सभागृहात कुजबुज झाली, थोडं हसूही आलं. पहिल्या रांगेत चाचा रुमाल शोधायला लागले. मी सूर धरला. आई गायली. तरुण गळ्याची चमक नव्हती, मधे एक तान तिनं सोडून दिली, पण जे गायली ते तिचं होतं, आणि मागच्या बाकापर्यंत पोचलं. माझे पाय थांबायला तयार नव्हते. टाळ्या सुरू झाल्या तरी मी पायडल मारतच होते. आईनं वळून डोळ्यांनी दटावलं तेव्हा थांबले.

पडद्यामागं ती खुर्चीवर बसली. लोक पाया पडायला येत होते, मोबाइलवर फोटो काढत होते, ती सगळ्यांशी नीट बोलत होती. गर्दी ओसरल्यावर मी तिला पाणी दिलं. ती ते हातात धरून बसली.

"एक डाव म्हनला असता," ती म्हणाली. "'दमतीस, जरा खाली गा,' एवढंच. तर मी उतरले असते की."

"तू चिडली असतीस, आई."

"व्हय, चिडले असते. चार दिवस बोलले नसते. अन् मंग उतरले असते." तिनं पाणी पिऊन पेला माझ्याकडं दिला. "लोकांसाठी कोन गात व्हतं? त्याच्या समोर उभी ऱ्हाऊन गात व्हते मी. त्यानं सांगितल्या पट्टीत गायले असते."